हार्प्सिकॉर्डची वरात

खुशालराव ढोमण्यांची प्राजक्ता परदेशात नेमकं काय करते, हा प्रश्न सोयऱ्यांनी वरूडच्या एका लग्नात, जेवणाच्या पंगतीतच कायमचा निकालात काढला. कुणीतरी विचारलं, आणि खुशालराव पानावरची मान वर करून मोठ्या अभिमानानं म्हणाले, "पोरगी कंडक्टर हाय."

"बाप्पा! कोनत्या डेपोले?"

"डेपो नाई. हॉलंडले."

"म्हंजे लांब पल्ल्याच्या गाडीवर," शेजारचे मामा समजूतदारपणे म्हणाले आणि त्यांनी वरण मागून घेतलं.

प्राजक्ता समोरच्याच ओळीत बसली होती. तिनं खुलासा करायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात मठ्ठा आला आणि विषय मठ्ठ्याकडे गेला.

खरं सांगायचं तर तिचं काम समजावून सांगणं सोपं नव्हतंच. खुशालराव संत्र्याचे व्यापारी. बगीचे वरूडकडे, घर अमरावतीला. शाळेत असताना प्राजक्ताला शाळेजवळच्या चर्चमधल्या जुन्या ऑर्गनचं वेड लागलं. पायानं भाता मारायचा आणि हातानं वाजवायचं. भात्यापर्यंत पाय पुरत नसत, म्हणून ती अर्धी उभी राहून वाजवायची. खुशालरावांना वाटलं, पोरगी पेटी शिकून राहिली, भजनाले कामी येईन. भजनाला ती कधी आलीच नाही. आधी पुण्याला गेली, मग हॉलंडला, आणि तिथं तिनं तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं संगीत, त्या काळच्या वाद्यांवर, त्या काळच्या रीतीनं वाजवायचं शिक्षण घेतलं. खुशालराव म्हणाले होते, "लोकं नवीन शिकाले दूर जातेत. तू एवढ्या दूर जाऊन जुनं शिकली?"

तिचं मुख्य वाद्य हार्प्सिकॉर्ड. दिसायला पियानोच्या धाकट्या, अशक्त भावासारखं. पट्टी दाबली की आत एक टोकदार पीस तारेला छेडतं आणि बारीक, चमचमीत आवाज निघतो. त्या जुन्या काळात हातात काडी घेऊन समोर उभा राहणारा कंडक्टर नसे. हार्प्सिकॉर्डवाला मधोमध बसून वाजवता वाजवता मानेनं, भुवयांनी, क्वचित दातओठ खाऊन सगळ्यांना चालवी. प्राजक्ता हेच करायची. एका चांगल्या वाद्यवृंदात ती उपप्रमुख झाली होती. मग त्या वाद्यवृंदाचं अनुदान बंद झालं आणि मंडळी पांगली. निरोपाच्या दिवशी तिथले म्हातारे प्रमुख तिला म्हणाले, "तुझं सगळं अगदी बरोबर असतं. पण ऐकणाऱ्याचा पाय हलत नाही."

हे वाक्य ती घरी परतायला विमानात बसली तेव्हाही तिच्या डोक्यात होतं आणि उतरली तेव्हाही होतं.

हार्प्सिकॉर्ड तिनं स्वतः सुटे भाग जुळवून बांधलेलं, लहानसं, दोघांनी उचलावं इतपत. ते जहाजानं मुंबईला आलं. खुशालरावांचा ट्रक वाशीच्या बाजारात संत्री उतरवून रिकामा परत यायचा होता, त्यात रिकाम्या क्रेटच्या मधोमध, खाली-वर तणस घालून ते अमरावतीला पोचलं. ड्रायव्हरनं उतरवताना सांगितलं, "एकबी नग डागी नाई, शेटजी."

माल उत्तम होता, हवा वाईट होती. अमरावतीचा मार्च महिना लाकडाला मानवेना. सकाळी सूर लावावेत, दुपारपर्यंत तारा उतरून बसलेल्या. पार्वताबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, दया येऊन कूलर वाद्याच्या तोंडावर लावून दिला, तर लाकूड ओल खाऊन फुगलं आणि सूर उलटे चढले. प्राजक्ता रोज सकाळी किल्ली घेऊन एकेक तार पिळत बसायची. शेजारच्या माणिकबाई कपडे वाळत घालताना ते ऐकायच्या. आठवडाभर ऐकून त्या पार्वताबाईंना म्हणाल्या, "अजून नाई सुधरलं काय वं ते? माया भाच्याले पाठवू काय? तो फ्रिज बी सुधरवते."

अशात अकोल्याहून कुलदीपचा फोन आला. कुलदीप तिचा धाकटा आतेभाऊ. त्याच्या मंडळाचा एप्रिलमध्ये सांस्कृतिक महोत्सव होता.

"ताई, उद्‌घाटनाचा प्रोग्राम तुमचा. आंतरराष्ट्रीय कंडक्टर आन् भव्य ऑर्केस्ट्रा. फ्लेक्स लावून बी टाकले."

"कुलदीप, माझ्याकडं ऑर्केस्ट्रा नाई."

"थे पाहू ना. फ्लेक्सवर फोटो आला तुमचा, म्हंजे अर्धं काम झालं."

प्राजक्तानं नागपूर-पुण्याच्या ओळखीच्या व्हायोलिनवाल्यांना फोन लावले. एप्रिल आणि अकोला हे दोन शब्द एका वाक्यात ऐकल्यावर प्रत्येकाला घरचं काहीतरी कार्य आठवलं. तिनं नाही म्हणून कळवलं, तर कुलदीप म्हणाला, "वाजवनारेच पाह्यजे ना? मी आनतो. तुमी फक्त या."

खुशालरावांच्या टेम्पोतून हार्प्सिकॉर्ड अकोल्याला निघालं. खुशालराव स्वतः पुढं बसले, कारण माल नाजूक असला की ते ड्रायव्हरवर विश्वास ठेवत नसत. कापसाचा हंगाम संपून रिकाम्या पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये कुलदीपनं तालमीची सोय केली होती. प्राजक्ता आत गेली, आणि समोर लाल कोट, सोनेरी झालर, खांद्यावर फुंदे अशा वेशातला लग्नाचा बँड ओळीनं उभा होता. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, पोटाएवढं, जाड आवाजाचं पितळी युफोनियम, ताशा आणि एक मोठा ढोल.

"कुलदीप," ती हळू आवाजात म्हणाली, "हा वरातीचा बँड हाय."

"अकोल्यातला एक नंबर. तारीख भेटत नाई यांची."

पुढं उभा असलेला माणूस क्लॅरिनेट काखेत धरून सरसावला. हे संघपाल मास्तर. मिशी पिळदार, छाती पुढं, आणि बोलण्यात असा रुबाब की नवरदेवानंसुद्धा आधी त्यांनाच विचारून घोड्यावर बसावं. "मॅडम, तुमी कंडक्टर, मी बँडमास्तर. मंग समोर कोन राह्यनार?"

"मी बसून वाजवणार. तिथूनच इशारे देणार. तुम्ही सगळे माझ्याकडं पाहायचं."

"म्हंजे पब्लिककडं पाठ?"

"थोडी."

"नाई जमनार. नवरदेवाकडं पाठ करून वाजवलं न, मार खावा लागते. ते आमच्या रक्तातच नाई."

अर्धा दिवस याच वादात गेला. शेवटी ठरलं, की सगळ्यांनी अर्धगोल करायचा आणि मास्तरांनी एक डोळा पब्लिककडं ठेवायचा.

प्राजक्तानं निवडलेला तुकडा होता एका फ्रेंच राजाच्या दरबारातला. राजा सभेत येताना वाजवायचा. आधी संथ, थाटाचा, पायरी-पायरीनं चढणारा भाग. मग एकदम वेगाचा, ज्यात एकानं सूर सुरू करायचा, दुसऱ्यानं त्याच्या मागं पळायचं, तिसऱ्यानं दोघांच्या मागं. कागदावरच्या खुणा बँडमधल्या कुणालाच वाचता येत नव्हत्या, म्हणून तिनं प्रत्येकाला त्याचा त्याचा भाग गाऊन दाखवला. त्यांनी तो उचललाही लवकर. अडचण भलतीच निघाली. तिनं सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं, आणि बँडचा ताल गेला. ताशा एकीकडं, ढोल दुसरीकडं, युफोनियम तर कुठंच नाही.

"असं काहून होऊन राहिलं?" तिनं विचारलं. चार दिवसांत तिची भाषा मधूनमधून परत आपल्या जागेवर येऊ लागली होती.

संघपाल मास्तर गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, आमी बसून कधी वाजवलंच नाई. पाय चालले तं हात चालतेत."

मग खुर्च्या बाजूला झाल्या. बँड शेडभर गोल चालत वाजवू लागला आणि प्राजक्ता मधोमध बसून, मान गरागरा फिरवत, जो समोरून जाईल त्याला इशारा देऊ लागली. संध्याकाळी, सोबत अकोल्याला आलेल्या पार्वताबाईंनी तिच्या मानेला तेल चोळलं.

दुसरं भांडण मुरक्यांचं. मास्तर एकही लांब सूर सरळ सोडत नसत. दिसला लांब सूर की त्यावर झालर लावलीच.

"मास्तर, तिथं नाही."

"सुनं वाटते, मॅडम."

"सुनंच वाटलं पाहिजे. राजा अजून दारात आहे."

"मंग राजा येते तवा लावू?"

प्राजक्तानं पट्ट्यांवरचे हात उचलले. जुन्या काळचे वाजवणारे अशा जागा आपल्या मनानं सजवत, हे तिनं स्वतः हॉलंडमध्ये पोराटोरांना शिकवलं होतं. मात्र तिचे तिथले विद्यार्थी आधी विचारायचे, मग लिहून घ्यायचे, मग घाबरत घाबरत एक मुरकी घ्यायचे. मास्तरांनी घेतलेल्या निम्म्या मुरक्या भयंकर होत्या, पण उरलेल्या निम्म्या तिच्याच्यानं खोडवेनात. "येते तवा लावा," ती म्हणाली. "आणि ती शेवटची तेवढी नका लावू. ती नागीणवाली आहे."

"पब्लिकले आवडते."

"नाही म्हणजे नाही."

मास्तर दोन दिवस रुसले. खुशालरावांनी मध्ये पडून त्यांना उसाचा रस पाजला तेव्हा कुठं बोलू लागले.

तिसरा प्रश्न मात्र सुटला नाही. बँडपुढं हार्प्सिकॉर्डचा आवाजच येत नव्हता. "माशी घोंगावल्यावानी वाटते," मास्तरांचं मत पडलं. "माइक लावा." प्राजक्तानं आयुष्यात त्या वाद्याला माइक लावला नव्हता. जुनं वाद्य जुन्या आवाजातच ऐकायचं, हे तिचं व्रत होतं. तिनं उलट बँडलाच हळू वाजवायला सांगितलं. बँडनं मनापासून प्रयत्न केला. ढोलवाला तर काडी नुसती हवेत फिरवून परत आणू लागला.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मास्तर सहज म्हणाले, "मॅडम, आज रातीची वरात घेतली हाय आमी. तुमचं दिवस मावळता मावळता आटपते ना?"

"आटपतं," कुलदीपच म्हणाला.

दिवस मावळला तेव्हा मंडळाचे अध्यक्ष बोलत होते. त्यांच्याआधी उपाध्यक्ष बोलले होते. नंतर प्रमुख पाहुणे आले. मग त्यांचा सत्कार, मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार, मग खुशालरावांनाही कुणीतरी मंचावर ओढून शाल पांघरली. त्या उकाड्यात ती त्यांनी दोन मिनिटं अंगावर ठेवली, हे त्यांचं मोठेपण. तिकडं हार्प्सिकॉर्डच्या तारा एकेक करून उतरत होत्या. प्राजक्तानं भाषणं चालू असतानाच मागं बसून सूर लावायला घेतले. सूर लागले आणि तिनं किल्ली खाली ठेवली, तोच लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ "छान झालं" म्हणत उठून गेलेसुद्धा.

अखेर एकदाचं वाजू लागलं. राजाचा संथ प्रवेश. बँड मंचावर गोल चालत होता, मास्तरांचा एक डोळा पब्लिककडं होता. पब्लिक फोन पाहत होतं. प्राजक्ताचं सगळं बरोबर चाललं होतं आणि कुणाचाही पाय हलत नव्हता.

तेवढ्यात मागच्या दारातून पाच-सहा माणसं आत घुसली. गुलाबी फेटे, अंगाला अत्तर, चेहरे तापलेले. सगळ्यात पुढं नवरदेवाचे काका, गोवर्धनराव.

"अबे संघपाल! नवरदेव केव्हाचा घोड्यावर बसून हाय, आन् तू इथं गोल गोल फिरून राहिला?"

मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडातून काढलं नाही. मध्येच थांबायचं नाही, हे प्राजक्तानं त्यांच्या मनावर इतकं बिंबवलं होतं, की त्यांनी नुसत्या भुवया उडवल्या. गोवर्धनराव मंचावर चढले आणि त्यांनी ढोलवाल्याची बाही धरली. ढोलवाला वाजवत वाजवतच त्यांच्यामागं चालू लागला. त्याच्यामागं ताशा, ताशामागं युफोनियम. चालत वाजवायची सवय असलेला बँड दाराकडं तोंड झाल्याबरोबर सरळ दाराबाहेर पडला. मास्तर शेवटी निघाले. जाताना त्यांनी प्राजक्ताकडं वळून मान हलवली, जणू म्हणत होते, मॅडम, येता ना?

मंचावर ती एकटी उरली. समोर लोक आता फोन खाली ठेवून पाहत होते.

खुशालराव मांडीवरची शाल खुर्चीवर टाकून उभे राहिले. "कुलदीप, पकड त्या बाजूनं!"

"बाबा, काय करून राहिले तुमी?"

"बँड तिकडं अन् तू इकडं? अशानं होते काय बाई? चाल!"

बापानं आणि आतेभावानं हार्प्सिकॉर्ड उचललं. प्राजक्ता स्टूल घेऊन मागं पळाली. रस्त्यावर वरातीची गाडी उभी होती, मोठे स्पीकर आणि रंगीत दिवे लावलेली. एरवी तिच्यावर कीबोर्डवाला बसायचा. तो बिचारा आपला कीबोर्ड मांडीवर घेऊन सरकला. हार्प्सिकॉर्ड वर चढलं, प्राजक्ता वर चढली, आणि तिनं काही म्हणायच्या आत त्या कीबोर्डवाल्यानं माइक वाद्याच्या पोटात घातला.

पुढच्याच सुराला अख्ख्या गल्लीत चांदीची भांडी सांडल्यासारखा आवाज झाला. घोडा दचकला. नवरदेवानं दोन्ही हातांनी त्याची आयाळ धरली. प्राजक्ताचं व्रत मोडलं ते असं, कीबोर्डवाल्याच्या हातून, शेकडो माणसांदेखत. वाईट वाटून घ्यायला तिला सवड मात्र नव्हती, कारण बँड संथ भागाच्या शेवटाशी आला होता. तिनं मान वर केली, संघपाल मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं, आणि दोघांनी मिळून पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.

आणि घोडा चालू लागला. थाटात, एकेक पाऊल टाकत. त्याच्या पावलांना ते संगीत असं बसलं, की प्राजक्ताला हसू फुटलं. हे येण्याचं संगीत आहे, कुणीतरी येत असताना वाजवायचं आहे, हे ती अकरा वर्षं लोकांना पुस्तकातून सांगत होती. खरोखर कुणी येताना तिनं आजवर पाहिलं नव्हतं. शेजारच्या गच्च्यांवर माणसं जमली. वरातीतल्या बायांनी आपोआप पदर सावरले. गोवर्धनरावांचा आवाजही खाली आला. ते फेटा नीट करून घोड्यापुढं असे चालू लागले, की मुलाचे काका कोण हे कुणाला विचारायला नको.

पोरांची मात्र पंचाईत झाली. नाचायला आलेली पोरं हात वर करून उभी, आणि ठेका काही सापडेना. "मॅडम, हे हळू हाय!" एकजण ओरडला.

प्राजक्ता दात दाखवून हसली आणि तिनं मान खाली झटकली. वेगाचा भाग सुरू झाला. क्लॅरिनेट पळालं, ट्रम्पेट त्याच्या मागं पळालं, युफोनियम दोघांच्या मागं धापा टाकत निघालं, आणि ढोलवाल्यानं इतक्या दिवसांची हवेतली काडी एकदाची ढोलावर आणली. रस्ता उसळला. पोरं नाचली, बाया नाचल्या. पार्वताबाई कार्यक्रमाच्या खुर्चीवरून उठून कधी रस्त्यावर आल्या कुणास ठाऊक, त्या नवरदेवाच्या आजीचा हात धरून गिरकी घेत होत्या. खुशालराव गाडीपुढं चालत लोकांना बाजूला करत होते. "सरका, सरका! नाजूक माल हाय!" महोत्सवाचं अर्धं पब्लिक मागून आलं होतं, त्यात प्रमुख पाहुणेही होते.

शेवट जवळ आला तेव्हा संघपाल मास्तरांनी प्राजक्ताच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि नागीणवाली मुरकी घेतली. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. ती त्यांना तिथंच ठार मारणार होती, पण तिचे दोन्ही हात गुंतलेले होते.

मांडवाच्या दारात मुलीकडचे आरती घेऊन उभे होते. गुरुजी मुहूर्त मुहूर्त म्हणून ओरडत होते. गोवर्धनरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि गाडीकडं वळून म्हणाले, "बाई, थे राजा आल्यावानी वाजते वालं पुन्हा एक डाव होऊन जाऊ द्या."

"लग्न लागू द्या आधी," प्राजक्ता गाडीवरून म्हणाली.

"लग्न कुठं पळून जाते? आमचा पोरगा एकदाच येनार हाय असा."

ते पुन्हा झालं. गुरुजी शेवटी कंटाळून खुर्चीवर बसले आणि पायानं ठेका धरू लागले.

या वरातीचा पुढं बराच बोभाटा झाला. कुलदीपनं महोत्सवाचं उद्‌घाटन अभूतपूर्व झाल्याचं छापून आणलं, आणि ते खोटं म्हणता येत नव्हतं. हार्प्सिकॉर्डच्या सात तारा तुटल्या, त्या नव्या मिळेपर्यंत प्राजक्ता अमरावतीत अडकली. अडकली म्हणजे राहिली. पावसाळ्यात तिनं संघपाल मास्तरांच्या बँडला आणखी दोन तुकडे बसवले, मास्तरांनी त्यातला एक नापसंत केला, तिनं तो बदलला नाही, आणि त्यावरून झालेलं भांडण दिवाळीपर्यंत पुरलं. मधल्या काळात हॉलंडच्या दुसऱ्या एका वाद्यवृंदानं तिला हिवाळ्यापुरतं प्रमुख म्हणून बोलावलं. तिनं उन्हाळ्याच्या लग्नसराईपर्यंत परत येईन या अटीवर होकार दिला. तिथल्या व्यवस्थापकांना लग्नसराई म्हणजे काय ते कळलं नाही, पण अट त्यांनी मान्य केली.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी ती तिथं ट्रामच्या थांब्यावर कुडकुडत उभी असताना मास्तरांचा फोन आला. मागं ढोल, ताशा, घोड्याचं खिंकाळणं, सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, अर्जंट हाय. नव्या गान्यात ट्रम्पेट संपल्यावर युफोनियमवाला काय वाजवते? तो विसरला. वरात चौकात थांबवून ठेवली हाय आमी."

"फोन त्याच्या कानाला लावा," प्राजक्ता म्हणाली. मग तिनं मफलर खाली ओढला, पायानं ठेका धरला आणि त्या थंडगार, शांत, शिस्तीच्या गर्दीत भसाड्या आवाजात युफोनियमचा सगळा भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत गायला सुरुवात केली. आजूबाजूची माणसं सभ्यपणे दोन पावलं मागं सरकली. ट्राम आली, थांबली आणि तिला न घेताच निघून गेली.